बिनपाण्याची नको! वस्तऱ्याची रोजची दाढी आणि उतारवयातली कातडी



गेल्या वर्षी सुकोथच्या सुमारास बेरशेबाहून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “सिस्टर, तुमच्या सदरात साखर झाली, ब्लडप्रेशर झालं, गुडघे तर दोनदा झाले. आता पुरुषांच्या दाढीवर काही लिहाल का? आमच्या ह्यांची मान बघवत नाही.” यजमान ८१ वर्षांचे. विसाव्या वर्षापासून वस्तऱ्याने दाढी करणारे, आणि तीही रोज. वर्षभरात मानेवर घामोळ्यासारखा लाल पुरळ उठू लागला, सदऱ्याची कॉलर लागली की आग आग. दोष साबणाला दिला. तीन साबण बदलले. “आता बायको बदलायची तेवढी राहिली,” असं बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

माझी मुलगी बेरशेबातच राहते. तिच्याकडे गेले तेव्हा एका सकाळी मुद्दाम साडेसातला त्यांच्याकडे पोचले आणि गृहस्थांना म्हटलं, “काका, मी इथं दारात उभी राहते. तुम्ही रोज करता तशी दाढी करा, माझ्याकडे लक्ष देऊ नका.” ते जरा लाजले, पण केली. मी बघत राहिले. त्या दहा मिनिटांत जे बघितलं त्यावरच आजचा हा लेख आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, फक्त नाव नको म्हणाले.

आधी एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर अंक हातात पडल्यावर दहा जणांचे फोन येतील. तोरामध्ये लेवीय १९ व्या अध्यायाच्या २७ व्या वचनात दाढीचे कोपरे न नासवण्याची आज्ञा आहे आणि रब्बींनी तिचा अर्थ चेहऱ्यावर वस्तरा लावू नये असा केला आहे. म्हणून धर्म कडक पाळणारे कात्री वापरतात, किंवा कात्रीसारखे कापणारे विजेचे मशीन. कोणते मशीन चालते यावरही मतभेद आहेत. तो निवाडा माझा नव्हे, तो आपापल्या रब्बींना विचारावा. पण आपल्या घरांतून वस्तरे होते आणि अजून आहेत, हेही खरे. आमच्या घरी सासऱ्यांचा वस्तरा आहे. १९७३ साली मुंबईहून आलो तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या दोन लुगड्यांच्या घडीत गुंडाळून तो आला. जो माणूस साठ वर्षे वस्तरा चालवतो आहे त्याची कातडी सोलवटून निघत असेल, तर नर्सने त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते. त्यामुळे हा लेख.

आता दाढी करताना होते काय? आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. चेहऱ्यावर तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. पण आतला ओलावा आत ठेवायचा आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवायचे, हे काम तोच करतो. वस्तरा केसाबरोबर या थराचाही थोडा भाग खरवडून नेतो. तरुणपणी तो लवकर भरून येतो. सत्तरीनंतर कातडी पातळ होते, तेलाच्या ग्रंथी कमी चालतात, झीज भरून यायला जास्त दिवस लागतात. म्हणजे खर्च पूर्वीइतकाच आणि मिळकत निम्मी. काका मला म्हणाले, “मी साठ वर्षं अशीच करतो, आत्ताच कसं झालं?” मी म्हटलं, “काका, दाढी तीच आहे. कातडी ती राहिली नाही.”

न दिसणाऱ्या जखमांवरून आठवले. मी मुंबईत नर्सिंग शिकले तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रोग्याची कातडी वस्तऱ्याने गुळगुळीत करणे हे आमचे काम होते. एकही केस राहिला तर सिस्टर ट्युटर ओरडायच्या. आम्हांला वाटे, केस गेले म्हणजे जंतू गेले. पुढे लक्षात आले की वस्तऱ्याने कातडीवर बारीक बारीक चिरा पडतात, रातभरात त्यांत जंतू वाढतात आणि ऑपरेशनची जखम उलट जास्त पिकते. आता नियम असा आहे की शक्य तर केस काढूच नयेत आणि काढायचे तर मशीनने आखूड करावेत. इतक्या मुलींनी इतक्या निष्ठेने केलेले काम चुकीचे निघाले. पण सांगायचे ते असे, की रक्त दिसले नाही म्हणजे जखम झाली नाही, असे नाही. दाढीनंतर आग होते ती याच चिरांची.

तर काका. पहिली चूक पाण्याची. त्यांनी नळ सोडला, गार पाण्याचे दोन हबके तोंडावर मारले आणि लगेच ब्रश फिरवला. मराठीत आपण बिनपाण्याने हजामत करणे म्हणतो ते उगीच नाही. माझ्या लहानपणी अलिबागकडच्या आमच्या गावी न्हावी घरी यायचा, वर्षाला भात घेऊन जायचा. ओट्यावर वडील मांडी घालून बसत. त्याच्या धोकटीत साबण असे की नव्हता मला आठवत नाही, पण पितळेची वाटी होती. तो नुसते पाणी घेऊन बोटांनी गाल चोळत बसायचा. चोळायचा, गावच्या गप्पा सांगायचा, परत चोळायचा. आम्हां मुलांना वाटे हा वेळ काढतो आहे. तो वेळ काढत नव्हता. केस पाणी पितो, पाणी प्यालेला केस मऊ होतो आणि मऊ केस पुष्कळ कमी जोरात कापला जातो. त्याला दोन ते तीन मिनिटे लागतात. एवढे एक जरी केले तरी निम्मी आग कमी होईल.

सोपा उपाय म्हणजे अंघोळीनंतर दाढी करणे. ते जमत नसेल तर छोटा टॉवेल कोमट पाण्यात पिळून तीन मिनिटे गालांवर आणि मानेवर धरावा. कोमट म्हणते आहे, कढत नव्हे. इथे छतावरच्या दूद शेमेशचे पाणी उन्हाळ्यात इतके तापते की नळ सोडल्याबरोबर हात भाजतो. उतारवयात हाताची जाणीवही बोथट होते, साखरवाल्यांची तर जास्तच, म्हणून टॉवेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावा. कढत पाण्याने कातडीचे उरलेसुरले तेलही निघून जाते.

पाण्याबद्दल आणखी एक. ज्या घरात किटलीला आतून पांढरा थर चढतो तिथले पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, चिकट साका होतो आणि तो कातडीवर बसतो. अशा घरांनी ब्रश भिजवायला आणि फेस करायला वाटीभर गाळलेले किंवा उकळून निवलेले पाणी घ्यावे. वाटीभरच लागते, कंजूषपणा नको.

साबणाचे म्हणाल तर अंगाचा साबण दाढीला वापरू नये. आपली कातडी किंचित आंबट असते आणि वडीचा साबण खारट जातीचा, त्याने ती कोरडी पडते. दाढीचे क्रीम किंवा दाढीचाच साबण घ्यावा, बिनवासाचा मिळाला तर फार उत्तम. ब्रशने गोल गोल फिरवत फेस करावा म्हणजे केस उभे राहतात आणि मेलेली कातडी सुटते. ज्यांची कातडी फारच कोरडी आहे त्यांनी फेसाआधी खोबरेल तेलाचे दोन थेंब हातावर चोळून गालाला लावून बघावेत. आपण मूळचे शनवार तेली, तेलाची लाज कसली? मात्र फोड येणाऱ्या कातडीला तेल नको.

दुसरी चूक धारेची. काकांचा चामड्याचा पट्टा बाथरूमच्या दाराला टांगलेला होता, पण त्यावर धूळ. म्हणाले, “आठवड्यातून एकदा लावतो, खांदा दुखतो.” वस्तऱ्याची धार दर दाढीला किंचित वाकते. पट्ट्यावर वीस-तीस वेळा ओढला की ती सरळ होते. ओढताना वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे असावी, उलटवताना पाठीवरून उलटवावा, नाहीतर पट्टाही कापतो आणि धारही जाते. हे न केल्यास वस्तरा केस कापत नाही, ओढतो. तो ओढतो म्हणून माणूस जोर देतो, आणि जोर दिला की कातडी निघते. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त कापतो, हे ऐकायला उलटे वाटेल पण तसेच आहे. पट्ट्यानेही काम होईना की मग निसण्यावर लावायची वेळ झाली. ते ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे. खांदा दुखत असेल तर अर्ध्या पात्याचा वस्तरा मिळतो, त्यात दर दोन-तीन दाढ्यांनी पाते बदलता येते. काकांना मी तोच सुचवला. त्यांना आवडले नाही. अजूनही आवडलेले नाही.

तिसरी चूक, आणि मानेच्या पुरळाचे खरे कारण हेच, ती उलट्या हाताची. गालावरचे केस बहुतेकांचे वरून खाली वाढतात. मानेवर मात्र प्रत्येकाचा नकाशा वेगळा. कुणाचे खालून वर, कुणाचे आडवे, कुणाचे कंठाच्या एका बाजूला भोवऱ्यासारखे. दोन दिवस दाढी न करता बोटे फिरवून बघा. ज्या दिशेने गुळगुळीत लागते ती सुलटी, ज्या दिशेने खरखरीत लागते ती उलटी. वस्तरा सुलटाच चालवायचा. काका कानापासून गळ्यापर्यंत सरसकट वरून खाली ओढत होते आणि त्यांचे मानेवरचे केस वाढतात खालून वर. म्हणजे साठ वर्षे मान उलटीच भादरली जात होती. त्यावर परत गुळगुळीत व्हावे म्हणून फेस न लावता दुसरा हात.

उलट हाताने केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. मग तो वाढताना टोकदार होतो, बाहेर येण्याऐवजी आतल्या आत वळतो किंवा बाहेर येऊन शेजारच्या कातडीत परत घुसतो. शरीराला तो काट्यासारखा वाटतो, म्हणून लाल गाठ, कधी पू. कुरळ्या केसांच्या पुरुषांना हा त्रास जास्त, आणि आपल्यांत कुरळे केस भरपूर. अशा गाठी झाल्या असतील तर साबण बदलून काही होणार नाही. महिनाभर वस्तरा बंद ठेवायचा आणि मशीनने थोडे केस राखून कापायचे. केस वाढला की आपसूक बाहेर येतो. चिमट्याने उपटू नये, सुईने टोचू नये. बाईंनो, नवऱ्याच्या मानेवरचे फोड फोडायचा छंद कुणाला असेल तर तो आजपासून सोडा.

हात कसा धरावा? वस्तरा कातडीवर जवळजवळ आडवा, फार तर तीस अंशांवर. याहून उभा धरला तर खरवडतो, अगदी सपाट ठेवला तर केस ओढतो. जोर शून्य. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. हात लांब ओढू नये, दोन बोटे रुंदीचे छोटे छोटे हात घ्यावेत. कातडी ताणावी लागते, कारण उतारवयात गळ्याला वळ्या पडतात आणि वळीच्या कडेवरच वस्तरा लागतो. हनुवटी वर करावी, मोकळ्या हाताची बोटे कोरडी करून त्यांनी कातडी सपाट करावी. ओली बोटे घसरतात, म्हणून कापसाचा तुकडा बोटाखाली धरावा. पण सपाट होईल एवढेच ताणावे. जास्त ताणले की केस वर उचलला जातो, कापल्यावर आत जातो, आणि परत तीच गाठीची कथा. मिशीची जागा आणि हनुवटी शेवटी घ्यावी, तिथले केस सर्वांत राठ असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळतो. दुसरा हात फिरवायचाच असेल तर पुन्हा फेस लावून आणि आडवा. माझे मत विचाराल तर एकच हात पुरे. उद्या परत उगवणारच आहे.

दाढी झाल्यावर काकांनी बाटली काढली आणि दोन्ही तळहातांनी आफ्टरशेव्ह गालांवर थापटले. डोळ्यांत पाणी आले. “झोंबलं म्हणजे काम करतंय,” असे त्यांचे म्हणणे. झोंबते कारण स्पिरिट उघड्या चिरांत जाते. त्याने कातडी अजून वाळते आणि त्यातल्या वासाची कित्येकांना ॲलर्जी असते. त्यापेक्षा गार पाण्याने तोंड धुवावे, टॉवेलने टिपावे, घासू नये. ओल आहे तोवर बिनवासाचे क्रीम किंवा अगदी पातळ व्हॅसलिन लावावे. कुठे रक्त आले तर आपली तुरटी चांगली, ती ओली करून टेकवली की बारीक शिरा आकसतात. मिनिटभराने धुऊन टाकावी. तुरटी सगळ्या गालावर फिरवली आणि एखाद्या जागी फारच झोंबली तर समजावे की तिथे आपला हात जड पडतो आहे. नेगेवच्या बाजूला राहणाऱ्यांनी, आणि शारावच्या दिवसांत सर्वांनीच, दाढीनंतर लगेच उन्हात जाऊ नये. सकाळी बाहेर पडायचे असेल तर चेहऱ्याला, कानांना आणि मानेला उन्हाचे क्रीम लावावे.

भारतातून येणाऱ्या ट्यूबांबद्दल एक शब्द. कुणी मुंबईला जाऊन आले की खाजेवरची एक ट्यूब आणतोच, आणि मग ती अख्ख्या इमारतीत फिरते. तिच्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस खूश. महिनोन्महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि बुरशी असली तर झाकलेल्या झाकल्या पसरते. चेहऱ्यावर असले काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

आता मुख्य गोष्ट. काका मान पुसत होते आणि मला त्यांच्या उजव्या कानासमोर, कल्ल्याच्या खाली, तांदळाएवढा एक डाग दिसला. मधोमध खपली, कडा मोत्यासारखी चकचकीत, आणि नुकतेच आलेले रक्त. मी विचारले हे काय. म्हणाले, “तो वस्तऱ्याचा मान आहे. तिथं रोज एकदा लागतंच.” कधीपासून? “झाले बरेच दिवस. पेसाखच्या आधीपासून.” आता काका वस्तरा वापरतात, पण ओमेरचे दिवस मोडत नाहीत, लाग बाओमेरपर्यंत दाढीला हात लावत नाहीत. आपल्या घरांतून असेच असते, कुणाचे काय तर कुणाचे काय. मी विचारले, “मग ओमेरात दाढी नव्हती तेव्हा हे भरून आलं होतं का?” त्यांनी आठवून बघितले. बायकोने उत्तर दिले, “नाही हो सिस्टर. उशीवर रक्ताचा ठिपका पडायचा, मी अभ्रे धुतले आहेत ना.”

वस्तऱ्याची जखम असती तर महिनाभर वस्तरा न लागता ती राहिली असती का? आठवड्यात बरी झाली असती. मी त्याच दिवशी त्यांना कुपात खोलीमच्या रोफे ओरची, म्हणजे कातडीच्या डॉक्टरांची, वेळ घ्यायला लावली. मोतीबिंदूची तपासणी आधी होऊ दे, असे म्हणत होते. मी म्हटलं, “मोतीबिंदू थांबेल.” तुकडा काढून तपासला, तो कातडीचा कर्करोग निघाला. घाबरू नका, ही जात हळू वाढणारी, शरीरात सहसा पसरत नाही, पण ठेवली तर जागच्या जागी पोखरत जाते, आणि ही जागा कानाजवळची. जागा बधिर करून काढला, टाके पडले, काका त्याच दिवशी घरी आले. बाईंनी मला फोन केला होता मानेसाठी. मानेचा पुरळ कशानेही बरा झाला असता.

आपल्याला वाटते आपण सावळे, आपल्याला कातडीचा कर्करोग होत नाही. गोऱ्यांपेक्षा कमी होतो, होत नाही असे नव्हे, आणि इथल्या उन्हात पन्नास वर्षे काढल्यावर तर नाहीच. आरशात रोज आपला चेहरा इतक्या जवळून दाढी करणाऱ्या माणसाइतका कुणी बघत नाही. त्याचा उपयोग करा. एकाच जागी परत परत रक्त येते, खपली पडते आणि पुन्हा धरते, तीन-चार आठवड्यांत जखम भरत नाही, तीळ वाढतो किंवा रंग बदलतो, तर वस्तऱ्याला दोष न देता डॉक्टरांना दाखवा.

दुसरे एक दुखणे दाढीच्या आगीसारखे वाटते, ते म्हणजे नागीण. चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग, टोचल्यासारखे दुखणे, आणि एक-दोन दिवसांनी पाण्याचे फोड. दाढीची आग दोन्ही गालांवर होते, नागीण मधली रेघ सहसा ओलांडत नाही. तिच्यावर गोळ्या आहेत, पण फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत जास्त उपयोग. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी इस्पितळात जा. डोळ्याचा प्रश्न असतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, म्हणजे कुमाडिन, एलिक्विस, प्लाव्हिक्स वगैरे, वस्तरा सोडून विजेच्या मशीनवर यावे असे माझे स्पष्ट सांगणे आहे. ज्यांचा हात थरथरतो त्यांनीही. आमच्या ह्यांना हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि गोळी लागली, तेव्हा मी वस्तरा कपाटात ठेवला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, “अगं, ते मशीन चार्जिंगला लाव.” मशीन वापरणाऱ्यांची रीत उलटी आहे. मशीनला चेहरा कोरडा हवा, अंघोळीनंतर पंधरा मिनिटे थांबावे, आणि त्याची जाळी घासून लावू नये. मशीननेही आग होते, पण कापत नाही. कापलेच तर स्वच्छ कपडा दहा मिनिटे घट्ट दाबून धरावा, मध्ये मध्ये उघडून बघू नये. त्यानंतरही थांबले नाही तर डॉक्टर. दाढीत रक्त आले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणे मात्र फार मोठी चूक. गालावरच्या रक्ताने कुणी मरत नाही, मेंदूत गुठळी गेली तर मरतो.

वस्तरा एकाचा एकालाच. बापलेकांनीसुद्धा वाटून घेऊ नये. कावीळ ब चे विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहतात आणि डोळ्यांना दिसणार नाही एवढे रक्त पुरते. कावीळ क ही तसाच जातो. अलिबाग-रेवदंड्याला जाल, मुंबईला जाल, तिथे न्हाव्याकडे बसायचा मोह होतो, मी समजू शकते. बसा, पण पाते आपल्यासमोर नवे फोडायला सांगा. तिथल्या कुणालाही त्यात राग येत नाही. घरचा वस्तरा दाढीनंतर साबणपाण्याने धुवावा, कोरडा पुसावा, स्पिरिटचा बोळा फिरवावा आणि तेलाचे बोट लावून ठेवावा. ओला मिटला की सांध्यात गंज धरतो. मूठ जुनी असेल तर उकळू नये, वाकडी होते.

रोज दाढी करणाऱ्यांना शब्बाथचा एक फायदा आहे, तो म्हणजे कातडीलाही सुट्टी मिळते. पण त्याच्या आदल्या दिवशीची दाढी ही आठवड्यातली सर्वांत वाईट दाढी असते. दिवे लागायची वेळ जवळ येते, घरात ओरड चालू असते, आणि माणूस घाईघाईने, बिनपाण्याने, उलटीसुलटी उरकतो. ती शुक्रवारी सकाळीच करून टाकावी. ओमेरनंतर, किंवा घरात मयत झाले म्हणून सात दिवस किंवा तीस दिवस दाढी वाढवली असेल, तर थेट वस्तरा कधीही लावू नये. आधी कात्रीने किंवा मशीनने बारीक करावी, मग भिजवावी, आणि पहिले दोन-तीन दिवस एकाआड एक करावी.

शेवटी लोदच्या एका भगिनीचा प्रश्न आहे. यजमानांना झटका आला आहे, उजवी बाजू गेली, मेतापेल दाढी करतो पण ते तोंड फिरवतात. भगिनी, त्यांना वस्तरा तर नकोच, मशीनच वापरा. पलंगाची पाठ उंच करा, मानेखाली टॉवेल घ्या, खोलीतला टीव्ही बंद करा. मेतापेलला म्हणावे, समोरून हात नेऊ नकोस. त्यांना दिसते आणि कळते त्या डाव्या बाजूला उभा राहा, आधी मशीन त्यांच्या चांगल्या हातात दे, आवाज ऐकू दे, पहिले दोन हात त्यांनाच फिरवू दे. लुळ्या बाजूचा गाल आतून फुगवता येत नाही, म्हणून बोटाने बाहेरून हलके ताणावे. तिथे लागले तर त्यांना कळत नाही, तेव्हा झाल्यावर त्या गालावर, कानामागे आणि जबड्याखाली उजेडात बघून घ्यावे. मग आरसा त्यांच्या हातात द्यावा. अर्धी राहिली तर राहू द्या, बाकीची दुपारी करता येते.